खान्देशातला मरीन टँक: मासा आजारी दिसला तर सुरुवात कुठून करायची

"भो, मासा दम टाकी राहिना, पानीम्हा काय टाकू?"

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक, नुकताच लावलेल्या माणसाचा फोन असा येतो, आणि बहुतेक वेळा रात्री येतो. मासा दम टाकतोय ही खरी अडचण असते. पण मासे जास्त मरतात ते पाण्यात घाईने काहीतरी टाकल्यामुळे.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारला माशांची दुकाने आहेत, पण ती मुख्यतः गोड्या पाण्यातल्या माशांची. तिथला माणूस आपल्या परीने मदत करतो आणि निळ्या औषधाची बाटली हातात देतो. खाऱ्या पाण्यातल्या माशांचे रोग वेगळे, त्यांची औषधे वेगळी, आणि ती मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवली तर पोचायला दोन-चार दिवस जातात. तोवरचे निर्णय तुम्हालाच घ्यायचे असतात. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पाणी तपासायचे, मग मासा नीट बघायचा, मग तो वेगळ्या टँकमध्ये हलवायचा आणि औषध सगळ्यात शेवटी.

पहिला तास: नुसते बघा

टँकपासून दोन हात लांब खुर्ची टाकून पंधरा मिनिटे शांत बसा. माणूस जवळ आला की आजारी मासाही सावध होऊन धडधाकट असल्यासारखा वागतो. निळा लाइट बंद करून पांढरा लावा, कारण निळ्या उजेडात अंगावरचे ठिपके लपतात. मोबाइलवर एखादा मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. उद्या तुलना करायला तोच कामाला येतो.

आता श्वास मोजा. कल्ले १५ सेकंदांत किती वेळा उघडतात ते मोजून चारने गुणा. निरोगी आकडा प्रत्येक जातीचा वेगळा असतो, म्हणून मासे ठणठणीत असतानाच तो वहीत लिहून ठेवावा. नेहमीच्या दीडपट झाला तर मी वाट बघत नाही.

मग स्वतःला विचारा: एकच मासा असा आहे की सगळे? सगळे एकाच दिवशी धापा टाकू लागले तर दोष बहुधा पाण्याचा असतो: ऑक्सिजन कमी, अमोनिया, उष्णता किंवा बाहेरून गेलेले काही विष. एकच मासा असेल तर रोगाची सुरुवात किंवा मारामारी. फाटलेले पर, कोपऱ्यात दडी, दुसरा एखादा सतत पाठीमागे लागलेला, हे दिसले तर औषधाचा विषय संपला. दोघांना वेगळे करा. आणि गेल्या महिन्याभरात नवा मासा आला असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

मासा कुठे थांबतो तेही बरेच सांगते. पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून असेल तर ऑक्सिजन किंवा अमोनिया. पावरहेडच्या (आतले पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून एकाच जागी पोहत असेल तर कल्ल्यांवर परजीवी, आणि त्यातही वेल्वेट या झपाट्याने मारणाऱ्या रोगाची भीती धरा. दगडावर अंग घासून झटकन वळत असेल तर त्वचेवर काहीतरी बसले आहे.

पाणी: खान्देशात निम्मे आजार इथेच सापडतात

या क्रमाने तपासा: तापमान, खारटपणा, अमोनिया, पीएच.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या खोलीतला टँक सहज ३२ वर पोचतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी असतो. शिवाय उष्णतेने माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. तीनही गोष्टी एकाच वेळी उलट्या जातात. अशा दुपारी मासा धापा टाकत असेल तर तो आजारी असेलच असे नाही.

इथे आपल्याकडे एक फायदा आहे, तो पूर्ण वापरा. आपला उन्हाळा कोरडा असतो. टँकचे झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर तिरका छोटा टेबलफॅन सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंश सहज उतरते. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती अर्धीही चालत नाही. तिथल्या माणसाने "चिलरशिवाय मरीन करूच नको" असा सल्ला दिला तर त्याचे त्याच्या जागी बरोबर असते. जून उजाडून हवा दमट झाली की पंख्याचा परिणाम आपल्याकडेही घटतो, तेवढे लक्षात असू द्या. फारच गरम झाले तर बंद बाटलीत बर्फ करून ती पाण्यात तरंगत ठेवा. तापमान तासाला एका अंशापेक्षा जास्त वेगाने उतरवू नका.

पंख्याची किंमत खारटपणात मोजावी लागते. पाणी उडते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टँकमधून १० लिटर पाणी उडाले की खारटपणा हजारी ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) वरून जवळजवळ ३७ होतो आणि २० लिटर उडाले की ३९ च्या जवळ. मे महिन्यात हे काही दिवसांत होते. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत गोडे आरओ पाणी भरा. भर घालताना मीठ मुळीच घालायचे नाही. मीठ फक्त पाणी बदलताना. खारटपणा हजारी ३५ म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ ठेवा आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. प्लास्टिकच्या काट्याचा हायड्रोमीटर बुडबुडे चिकटले तरी खोटे बोलतो. रिफ्रॅक्टोमीटरही हजारी ३५ च्या प्रमाण द्रावणाने महिन्यातून एकदा जुळवून घ्या.

पाण्याच्या मुळाबद्दलही सांगायला हवे. आपल्या बोअरचे पाणी जड असते आणि केळी-कपाशीच्या पट्ट्यात खतांचे नायट्रेट त्यात उतरते. त्यात कितीही चांगले सागरी मीठ मिसळले तरी पाणी नीट होत नाही. घरातला पिण्याचा आरओ वापरत असाल तर मेकॅनिकला विचारा: त्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज आहे का? चवीसाठी त्यातून थोडे कच्चे पाणी किंवा क्षार परत मिसळले जातात. मेंब्रेनमधून थेट निघणारे पाणी घ्या आणि टीडीएस मीटर लावून बघा. १० च्या खाली आले तर उत्तम, आणि त्यासाठी बहुधा मागे उरलेले क्षार काढणारी एक डीआय कार्ट्रिज जोडावी लागेल. सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ते ३६ ग्रॅम लागते. खडा मीठ आणि स्वयंपाकाचे मीठ यांचा इथे काही उपयोग नाही.

अमोनिया शून्यच हवा. समुद्री टँकचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या तुलनेत दहापटीहून जास्त असतो. गोड्या पाण्यात खपून गेलेला ०.५ चा आकडा इथे माशाचे कल्ले जाळतो. टेस्ट किटवर जरा जरी हिरवट छटा दिसली तरी खाणे बंद करा, एअर पंप जोरात चालवा आणि त्याच तापमानाचे, त्याच खारटपणाचे पाणी ३० ते ५० टक्के बदला. नंतर दगडामागे मेलेला मासा किंवा गोगलगाय शोधा. बहुतेक वेळा सापडतेच.

लोडशेडिंग तर ठरलेलेच. इन्व्हर्टरवर आधी पावरहेड आणि एअर पंप घ्या, लाइट नंतर. सेलवर चालणारा एक एअर पंप घरात असू द्या. कॅनिस्टर फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतले अमोनिया पचवणारे जिवाणू गुदमरतात. वीज आल्यावर तो तसाच चालू न करता आतले सडलेले पाणी आधी ओतून टाका.

आणि विष. फवारणीच्या दिवसांत शेतातून येऊन तसाच हात टँकमध्ये घालू नका. कपाशीवर मारल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांचे अगदी थोडे अंश माशाला पुरतात. एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो, म्हणजे डासांचा स्प्रे, दिवाळीआधीचा ऑइलपेंट, टर्पेंटाइन हे सगळे त्या नळीतून आत जाते. सगळे मासे अचानक वेडेवाकडे पोहू लागले तर आधी घरात कोणी काय फवारले ते विचारा. मोठा पाणीबदल करा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा.

मुंबईहून आलेला मासा

आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक मरीन मासा रात्रभर रेल्वे किंवा लक्झरीने प्रवास करून येतो. पिशवीत त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसण्याची पद्धत लांबच्या प्रवासाच्या माशाला मारक ठरते. बंद पिशवी वीस-पंचवीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडा आणि मासा लगेच जाळीने किंवा डब्याने उचलून घ्या. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नका.

यासाठी ज्या वेगळ्या टँकमध्ये तो जाणार आहे त्याचा खारटपणा पिशवीतल्या पाण्याशी आधीच जुळलेला हवा. बरीच दुकाने मासे कमी खारटपणात ठेवतात, तेव्हा दुकानदाराला निघण्याआधीच आकडा विचारा. तिथून १.०२५ पर्यंत दिवसाला ०.००१ ते ०.००२ या गतीने चढवा. उतरवताना मासा बराच वेग सहन करतो, चढवताना नाही.

अंगावर काय दिसते

पाणी ठीक निघाले की माशाकडे वळा. टॉर्च बाजूने तिरका मारा, समोरून नाही.

*मिठाच्या दाण्याएवढे, मोजता येतील असे पांढरे ठिपके,* अंगावर आणि परांवर: हा मरीन इक. टँग जातीच्या माशांना, विशेषतः निळ्या आणि पावडर ब्लू टँगला, हा लवकर धरतो. हा परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या त्वचेत राहतो, मग गळून वाळूवर किंवा दगडावर जाऊन कवच करतो आणि त्या कवचातून शेकडो पिल्ले निघतात. ती एक-दोन दिवसांत मासा शोधतात, नाही सापडला तर मरतात. नवखा माणूस इथेच फसतो. पाचव्या दिवशी ठिपके गायब होतात, "औषध लागू पडले" म्हणून घरात आनंद होतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी तोच मासा ठिपक्यांनी भरून निघतो. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी आता तळाशी आहे.

*बारीक पिवळसर धूळ, ठिपके मोजता येत नाहीत,* अंगाची चमक गेलेली, मासा उजेड टाळतो, धारेत तोंड करून भराभर श्वास घेतो: हा वेल्वेट. हा आधी कल्ल्यांवर बसतो, म्हणून धूळ दिसण्याआधी श्वास वाढतो आणि खाणे सुटते. इकमध्ये तुम्हाला विचार करायला दिवस मिळतात. इथे दोन-तीन दिवसांत टँक रिकामा होऊ शकतो. शंका आली तरी वेल्वेट धरूनच चाला. चुकून तांब्याचा उपचार (पुढे दिला आहे) इकवर झाला तर काही बिघडत नाही, कारण तो त्यालाही लागू आहे.

*अंगावरून सोलल्यासारखा पांढरट बुळबुळीत थर निघतो,* आणि मासा क्लाउनफिश आहे: ब्रुकलिनेला. दुकानात निमो म्हणून मिळणारा, त्यातही समुद्रातून पकडलेला मासा याला जास्त बळी पडतो. हाही एक-दोन दिवसांत मारतो, आणि तांबे याच्यावर चालत नाही. ही ओळख चुकली तर योग्य औषध मिळूनही मासा हातचा जातो. म्हणून थर आणि ठिपके यातला फरक डोळ्यांत साठवून घ्या.

*डोळा धुरकट, मासा अंग झटकतो, ठिपके नाहीत:* फ्लूक, म्हणजे त्वचेला किंवा कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी. ते पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. गोड्या पाण्याच्या डुबकीत पांढरे होऊन तळाशी पडतात. तेव्हाच खात्री होते.

*हिरव्या क्रोमिसच्या कुशीवर लाल जखम, भाजल्यासारखी:* युरोनेमा. हा परजीवी माशाशिवायही तळाच्या घाणीवर जगतो. खोल गेल्यावर उपचार फारसे जमत नाहीत. दुकानात एका टाकीत एका क्रोमिसला जरी असा लाल डाग दिसला तरी त्या टाकीतला कोणताच मासा घेऊ नका.

बाकीचे थोडक्यात. परांच्या कडेला फुलकोबीसारखी गाठ म्हणजे लिम्फोसिस्टिस, विषाणूजन्य. औषध नाही, चांगले पाणी आणि चांगले खाणे मिळाले की बहुतेक वेळा आपोआप जाते. एकच डोळा बाहेर आला तर मार लागला असावा, दोन्ही आले तर संसर्ग किंवा खराब पाणी. पर कुजणे, लाल रेघा, पसरणारे व्रण हे जिवाणूंचे काम. तिथे अँटिबायोटिक लागते, आणि ते मेडिकलमधून अंदाजाने आणू नये. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींचे असले तरी औषधाची मात्रा आणि सुरक्षितता त्यांना कळते. व्हिडिओ आणि पाण्याचे आकडे घेऊन त्यांच्याकडे जा. नागपूर आणि उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत, तिथल्या शिक्षकांशी ओळख काढता आली तर फारच चांगले.

हॉस्पिटल टँक

मुख्य टँकमध्ये औषध टाकायचे नाही. तांबे कोळंबी, गोगलगाय, ॲनिमोन यांना मारते, दगड आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे मात्रा कधीच स्थिर राहत नाही.

४० ते ६० लिटरचा साधा काचेचा टँक पुरतो. तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही. लपायला नळदुरुस्तीच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो आणि टी. वरून झाकण किंवा जाळी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. धुळ्याकडची डिसेंबरची रात्र अनुभवलेल्या माणसाला हीटरचे महत्त्व सांगायला नको. फिल्टर म्हणून एअर पंपवरचा स्पंज, आणि तो स्पंज एरवी कायम मुख्य टँकमध्ये ठेवलेला हवा, म्हणजे त्यात जिवाणू तयार असतात. तरीही अमोनिया रोज तपासा आणि गरज पडेल तसे २५-३० टक्के पाणी बदला, बदललेल्या पाण्यापुरते औषध पुन्हा घाला. जाळी, बादली, सायफनची नळी वेगळी ठेवा. ओल्या हातानेही परजीवी एका टँकमधून दुसऱ्यात जातो.

पाणी किती आहे हे टेपने मोजून काढा. लांबी, रुंदी आणि *पाण्याची* उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजारने भागा. ६० बाय ३० चा टँक २५ सेंटिमीटर भरला तर ४५ लिटर. दुकानदाराने सांगितलेला "दोन फुटी, साठ लिटर" हा आकडा औषधासाठी वापरला तर मात्रा सव्वापटीहून जास्त पडते.

उपचार

*गोड्या पाण्याची डुबकी.* वेल्वेट आणि फ्लूकमध्ये तातडीचा दिलासा यातून मिळतो. हा पूर्ण उपचार नाही. बादलीत आरओ पाणी घ्या, तापमान टँकइतकेच करा, खाण्याचा सोडा चिमूट चिमूट घालून पीएच टँकच्या जवळ आणा, अर्धा तास एअर स्टोन चालवा. मग मासा त्यात तीन ते पाच मिनिटे, घड्याळ हातात धरून. पहिल्या मिनिटात तो आडवा पडला तरी बहुधा सावरतो. श्वास थांबतोय असे वाटले तर लगेच काढा. आधीच अर्धमेला असलेल्या माशाला डुबकी देऊ नका.

*तांबे.* इक आणि वेल्वेट दोन्हींवर हाच मुख्य उपचार. तयार बाटलीतले मरीनसाठीचे औषध घ्या आणि त्याच प्रकारच्या तांब्याला चालणारे टेस्ट किट सोबतच मागवा. किट आले नसेल तर बाटली उघडूच नका. काही औषधांत लक्ष्य लिटरला ०.५ मिलिग्रॅम असते, तर चिलेटेड प्रकारात २ च्या आसपास. दोन बाटल्यांचे आकडे एकमेकांत मिसळले की मासा गेलाच, तेव्हा आपल्या बाटलीवर काय लिहिले आहे ते शब्दशः पाळा. इकमध्ये पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा. वेल्वेटमध्ये तेवढा वेळ नसतो, तिथे बाटलीवर परवानगी असेल तितक्या लवकर. मग ३० दिवस सलग ती राखा आणि रोज मोजा. तांबे फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते, म्हणून एक दिवसही पातळी घसरली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. कार्बन काढून ठेवा. अमोनिया बांधणारी द्रावणे तांब्यासोबत वापरू नका, काही औषधांत त्यामुळे तांबे एकदम विषारी होते. मँडरिन, लायनफिश, पफर आणि काही एंजलफिश यांना तांबे फारसे सोसत नाही.

इथे मोरचुदाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे बोर्डो मिश्रणासाठी ते घरोघरी असते आणि "तांबेच तर आहे त्यात" असे कोणीतरी सांगतेच. आहे, वजनाच्या साधारण पाव भाग. पण हिशोब करा. ४५ लिटर पाण्यात मोरचुदाच्या साध्या तांब्याला लागणारे लिटरला ०.२ मिलिग्रॅम आणायचे तर मोरचूद लागते सुमारे ३५ मिलिग्रॅम. चिमटीत त्याच्या कितीतरी पट येते, आणि घरचा काटा इतके वजन दाखवतच नाही. शिवाय शेतीचे मोरचूद शुद्ध नसते. नका वापरू.

*कमी खारटपणा.* तांब्याचे किट मिळेना आणि रोग नक्की इकच आहे, तर हा मार्ग आपल्यासारख्या आडगावच्या माणसाला सोयीचा. हॉस्पिटल टँकचा खारटपणा दोन दिवसांत १.००९ पर्यंत उतरवा आणि ३० दिवस तिथेच ठेवा. तो १.०१० च्या वर गेला की परजीवी तग धरतो, म्हणून जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर हवाच आणि बाष्पीभवनाची भर सकाळ-संध्याकाळ. पीएच घसरतो, तो खाण्याच्या सोड्याने सांभाळा. परत वर नेताना आधी सांगितलेलीच गती, दिवसाला ०.००१ ते ०.००२, ठेवा. वेल्वेटवर याचा उपयोग होत नाही.

*टँक बदलत राहणे.* औषधाविना इक घालवायची ही पद्धत मला सगळ्यात आवडते, आणि लहान माशांना ती फार सोसते. प्लास्टिकचे दोन टब, दोन एअर पंप, दोन हीटर. मासा पहिल्या टबात ७२ तास, त्याहून जास्त नाही. मग तो दुसऱ्या, नव्या पाण्याच्या टबात. पहिला टब, स्पंज, नळ्या, एल्बो सगळे धुऊन खडखडीत वाळवा. आपल्या उन्हात गच्चीवर दिवसभर पालथे-उलथे केले की त्यावर काही जिवंत राहत नाही. अशा चार बदल्या, एकूण बारा दिवस. परजीवी माशावरून गळून कवच करतो, आणि त्यातून पिल्ले निघण्याआधी मासा तिथून गेलेला असतो. मीठ जास्त लागते, एवढाच खर्च.

*फॉर्मॅलिन.* ब्रुकलिनेलासाठी. हे विषारी आणि कर्करोगकारक रसायन आहे, मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नका. हातमोजे घाला, गॅलरीत किंवा अंगणात काम करा, वारा पाठीवर घेऊन उभे राहा, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. वेगळ्या बादलीत टँकसारखेच खारे पाणी, जोरात हवा. ३७ टक्क्यांचे फॉर्मॅलिन लिटरला ०.१५ मिली, म्हणजे १० लिटरला १.५ मिली, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून. ३० ते ४५ मिनिटे, आणि तेवढा वेळ तिथून हलायचे नाही. मासा कलंडला तर लगेच बाहेर. नंतर त्याला स्वच्छ, वेगळ्या पाण्यात सोडा; जुन्या टँकमध्ये नाही. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते फॉर्मॅलिन वापरू नका.

*प्राझिक्वांटेल.* फ्लूकसाठी लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या मात्रेने मरत नाहीत. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल असले तरी सोबत आणखी दोन औषधे असतात, ती गोळी चालणार नाही. हे औषध टाकल्यावर पाण्यातला ऑक्सिजन घटतो, हवा वाढवा.

उपचार चालू असताना माशाने खाणे हे अर्धे बरे होणे आहे. जिवंत आर्टेमिया, गोठवलेला मायसिस (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), टँगला समुद्री शेवाळ. दहा मिनिटांत उरलेले काढून टाका.

घरगुती उपायांबद्दल

हळद, कडुनिंबाचा पाला, लसूण, जास्तीचे मीठ. मीठ वाढवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी असतो. मरीन इक खाऱ्या पाण्यातच जन्मतो. लसणाच्या वासाने मासा कधी खायला लागतो, रोग त्याने जात नाही. हळद आणि पाला पाणी कुजवतात. क्लीनर श्रिंप मेलेली त्वचा टिपते, पण परजीवी संपवत नाही. मेथिलीन ब्लूची निळी बाटली अमोनियाने भाजलेल्या माशाला वेगळ्या बादलीत थोडा वेळ उपयोगी पडते, मुख्य टँकमध्ये टाकली तर फिल्टरमधले जिवाणू मरतात.

रिकामा टँक

इक किंवा वेल्वेट निघाला तर *सगळे* मासे बाहेर काढावे लागतात, ठिपके नसलेलेही. मग मुख्य टँक माशांशिवाय चालू ठेवायचा. वेल्वेटसाठी सहा आठवडे. इकची कवचे मात्र फार चिवट, ७२ दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे, म्हणून ७६ दिवस पाळावेत. घरच्यांना रिकामी काच बघवत नाही, मुले रोज विचारतात, पाहुणे हसतात. तरी थांबा. पन्नासाव्या दिवशी मासे परत टाकून सगळा उपचार पाण्यात घालवलेली माणसे मी बघितली आहेत. कोळंबी, गोगलगाय आत राहू द्या आणि जिवाणूंसाठी दोन-तीन दिवसांआड खाण्याचा एखादा दाणा टाका.

मासा मेला तर तो नदीत किंवा नाल्यात टाकू नका, मातीत खोल पुरा. औषधाचे पाणी विहिरीजवळ किंवा झाडाला घालू नका. नको झालेला जिवंत मासा दुकानदाराला परत द्या.

परत सोडताना एकेक मासा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि जो सगळ्यात भांडखोर असेल तो शेवटी. यापुढे येणारा प्रत्येक नवा मासा हॉस्पिटल टँकमध्ये कमीत कमी चार आठवडे राहील.

आणि हे सामान मार्च संपायच्या आत घरात आणून ठेवा: अमोनिया आणि तांब्याचे टेस्ट किट, मरीनचे तांबे, प्राझिक्वांटेल, दोन पाणीबदलांपुरते जादा मीठ, रिफ्रॅक्टोमीटरचे प्रमाण द्रावण, सेलवरचा एअर पंप, छोटा टेबलफॅन, एक रिकामा टब. किटच्या बाटल्यांवरची मुदत बघून घ्या. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलेले रसायन काय आकडा दाखवेल त्याचा भरवसा नसतो.